राजणी तलावाची तब्येत

(फोनचं रेकॉर्डिंग चालू असताना बोललेल्या वाक्याआधी बोलणाऱ्याचं नाव आहे. बंद असताना नुसती रेघ.)

– आणि मला ‘बेटा’ म्हणायचं नाही, बाबा. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

– मग काय म्हणू? मॅडम?

– काहीच म्हणू नका. मी विचारेन, तुम्ही सांगा. आधीच आपल्या घरासमोरचं तळं मी तपासायला घेतलंय म्हणून ऑफिसात सगळे हसतात.

– हसायचं काय त्यात? डॉक्टर झालेली मुलगी बापाचा बीपी बघतेच ने.

– बघते. पण औषध दुसऱ्याला लिहायला लावते. बसा त्या दगडावर. ऊन येतंय डोळ्यांत?

– येतंय, वांधो नाही. वास जास्त येतोय.

– तोही सांगा, विचारणारच आहे. आणि हळू बोलू नका. वाऱ्यात ऐकू येत नाही, मग पुन्हा घ्यावं लागतं. करू सुरू?

– कर.

अवंती : नाव सांगा.

मानसिंगराव : मानसिंगराव दाजीराव मोहिते.

अवंती : राहणार?

मानसिंगराव : आम्रविहार सोसायटी, वासणा, बडोदे. हा मागे दिसतोय तो आमचा गेट.

अवंती : काय करता?

मानसिंगराव : रिटायर. केमिकल कारखान्यात सेफ्टीला होतो. आता सोसायटीचा प्रमुख आहे. कोणी दुसरं उभं राहत नाही म्हणून.

अवंती : या तळ्याशी तुमचा संबंध काय?

मानसिंगराव : संबंध कसला. खिडकीतून दिसतं.

अवंती : पूर्वी कसं होतं?

मानसिंगराव : चांगलं होतं. कमळं होती. थंडीत अडया, ती लहान बदकं, यायच्या, शिट्ट्या मारत उतरायच्या संध्याकाळी. तुझी आई इथे गौरी... म्हणजे आमच्या घरचे लोक इथे गौरी विसर्जन करायचे.

अवंती : आता?

मानसिंगराव : आता ही हिरवी गादी. जलपर्णी. वास. पाणकोंबड्या राहिल्यात तेवढ्या. त्यांना काहीही चालतं.

अवंती : पावसाचं पाणी तळ्यात कुठून येतं?

मानसिंगराव : वरून.

अवंती : वरून म्हणजे?

मानसिंगराव : आभाळातून, बेटा.

– बाबा.

– भूल झाली. तेवढं ‘बेटा’ काढून टाक.

– ‘बेटा’चं नाही. आभाळातून म्हणालात.

– खोटं आहे का?

– बाबा, मी सकाळपासून इथे आहे. पाण्यात ऑक्सिजन किती ते बघितलं. पाखरं मोजली. चिखल काढला बाटलीत. पण तळ्याची तब्येत म्हणजे नुसता वास आणि पाखरं नाहीत. ते काय काम करतं ते बघायचं असतं. पुराचं पाणी पोटात घेतं का, जमिनीत मुरवतं का, आपल्या बोअरला पुरवतं का. आणि त्यासाठी आधी पाणी यायला तर पाहिजे. ते कुठून येतं, एवढंच राहिलंय.

– तुला माहीत आहे कुठून येतं.

– मला माहीत असून चालत नाही. जिथे वाट बुजलेली असते तिथे जुन्या रहिवाशाच्या तोंडून लागतं, नावासकट. तपासणाऱ्याचं स्वतःचं धरत नाहीत.

– पटेलला विचार.

– पटेलकाका मुलाकडे गेलेत, मेलबर्नला.

– मग राहू दे तेवढं. बाकीचं भर.

– राहू दिलं तर काय होतं ते सांगितलं ना काल जेवताना. उद्या शहरातले सगळे तलाव एका टेबलावर येणार. ज्याला पावसाचं पाणी आणणारी कांस, म्हणजे नाला, आहे असं कोणी सांगितलं, त्याची कांस मोकळी करून द्यावी लागते. ज्याची नाही, ते ‘बंद तळं’. मग भोवती दगडी भिंत, मधे फवारा, आणि जिथून कांस यायची तिथे पक्का रस्ता. मग कितीही सांगितलं तरी ती परत येत नाही.

– फवारा वाईट नाही तसा. लोक फिरायला येतील. शेव-उसळची लारी लागेल.

– गटाराच्या पाण्याचा फवारा, बाबा. आता तेवढंच येतं यात. पावसाचं येत नाही, आपल्या सगळ्यांच्या मोऱ्यांचं येतं.

– ठीक आहे. घे पुन्हा.

अवंती : नाव मघाशी सांगितलंत, तेच धरते. पावसाचं पाणी तळ्यात कुठून येतं?

मानसिंगराव : कांस होती. मागच्या शेतांकडून यायची. चोमासात भरून वाहायची. आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूने आत शिरायची, पार्किंगच्या खालून गरनाळं होतं, मोठा पाइप, त्यातून इकडे तळ्यात.

अवंती : ‘होती’ म्हणालात.

मानसिंगराव : हो.

अवंती : आता?

मानसिंगराव : आता बुजली.

अवंती : कशी बुजली?

मानसिंगराव : बुजतात. माती येते, प्लास्टिक येतं, लोक काय काय टाकतात. आपोआप बुजते.

अवंती : गरनाळंसुद्धा?

मानसिंगराव : गरनाळंसुद्धा.

अवंती : आपोआप.

मानसिंगराव : ती बघ, ढोकरी. मासा पकडला तिने. यात मासा आहे अजून. हे लिही, चांगलं आहे.

– मासा नव्हता तो. प्लास्टिक होतं.

– लांबून मला मासा वाटला.

– सिमेंट आपोआप येत नाही, बाबा.

– नाही येत.

– सिमेंट लावणारा कडिया आपोआप येत नाही रविवारी सकाळी.

– आवाज कमी कर. पाणकोंबड्या उडाल्या.

– पाणकोंबड्या राहू देत.

– हे बघ, मी जन्मभर एकच काम केलं. लीक दिसली की बंद करायची. आधी बंद, मग रिपोर्ट, मग चहा. कारखान्यात त्याला शाबासकी मिळायची. आणि त्या दिवशी काय परिस्थिती होती ते तू विसरलीस? तुझी आई सकाळी पार्किंग झाडायला गेली, स्कूटरखाली काहीतरी आडवं. तिला वाटलं पाटलांच्या पोरांनी टायर टाकलाय. झाडूने ढकलते आहे. सरक म्हणतेय.

– विसरले नाही.

– मगरीला ‘सरक’ म्हणाली. आणि ती सरकली. ते आईचं नशीब.

– तिने मग आठ दिवस खालच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता.

– मग? पकडणारी मुलं आली, तोंड बांधून घेऊन गेली, टाळ्या झाल्या, सेल्फी झाले. पण ती आली कुठून? गरनाळ्यातून. म्हणजे पुन्हा येणार. मी काय करायला पाहिजे होतं? बोर्ड लावू, ‘मगरींनी आत येऊ नये’?

– जाळी लावलीत ना.

– जाळी तू सांगितलीस. पाणी जाईल, मगर येणार नाही, म्हणालीस. शहाणी मुलगी आहे, तिचं शिक्षण यातलंच, असं मी मीटिंगमध्ये सांगितलं. लावली जाळी. मग ती रोज तुंबायला लागली. पिशव्या, जलपर्णी, एकदा अख्खी गादी अडकली. साफ करायला कोणी आत उतरेना, मगरीच्या भीतीने. मी उतरलो दोनदा. आईने शपथ घातली. मग तुला फोन केला.

– बाबा.

– केला होता ने?

– केला होता.

– काय म्हणालीस?

– मी दुसऱ्या तळ्यावर होते. पाखरं मोजत होते, मधे फोन घेतला की आकडा विसरतो.

– काय म्हणालीस ते सांग.

– ‘बंद करून टाका. चोमासा गेला की बघू.’

– तर मी बंद केलं.

– तुम्ही मला सांगितलंत, मागचं गटार तुंबतंय. कांस म्हणाला नाहीत.

– तुला कळलं नव्हतं कुठलं ते?

– कळलं होतं.

– मग?

– लहानपणी तिथेच बेडकाची पिल्लं धरायचे मी. बरणीत घालून शाळेत न्यायचे. मला नाही कळणार कुठलं गटार ते? मला आई दिसत होती डोळ्यांसमोर, झाडू घेऊन. आणि मोजणी चुकत होती. दोन्ही एकदम. मी म्हटलं बंद करा.

– झालं तर. रडू नको इथे. लोक फिरायला येतात.

– रडत नाही. जलपर्णीची ॲलर्जी आहे मला.

– तळ्यावर काम करते आणि ॲलर्जी आहे.

– बाबा, चोमासा गेला. कोणी बघितलं नाही. मीही नाही. मी शहरातले सगळे तलाव बघत फिरले, कोणाचं काय बुजलंय, कोणी बुजवलंय. एका ठिकाणी एका बिल्डरला लोकांसमोर बोलले, तुम्हाला लाज वाटायला पाहिजे म्हणून. तो म्हणाला, बेन, पाणी पीओ. खरंच पाणी दिलं त्याने. मी प्यायले.

– पाटलांच्या मजल्यावर बोअरला खारट पाणी येतं, ते पण त्यामुळेच?

– त्यामुळेच. तळं भरत नाही, जमिनीत मुरणार काय.

– आणि पुरात विश्वंभरकडे झालं ते?

– त्यांच्याकडचं तुम्हाला माहीत आहे.

– मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू यातली आहेस.

– कांस मागून भरून आली. पुढे वाट नाही. मागच्या ओळीत खालची घरं, तिथे पसरली. आधी शोषखड्डे भरले, मग मोरीतून वर आलं, मग दारातून. विश्वंभरकाकांच्या घरात पलंगाच्या वर पाणी होतं. नदीचा पूर त्या दिवशी आपल्याकडे आलाच नव्हता, बाबा. सगळे म्हणतात विश्वामित्रीचं पाणी आलं. आलं नव्हतं. ते आपलं होतं.

– तू हे कोणाला सांगितलंस?

– कोणालाच नाही. तुम्ही?

– आईला माहीत आहे. ती विश्वंभरचा डबा भरताना काही बोलत नाही, त्यावरून कळतं.

– तुम्ही त्या दुपारी खाली गेला होतात. आई म्हणाली.

– गेलो होतो.

– पहार घेऊन.

– आई सगळंच सांगते.

– एवढंच सांगितलं. पुढचं ती म्हणाली, त्यांनाच विचार.

– पुढचं काही नाही. गुडघ्याच्या वर पाणी होतं पार्किंगमध्ये. मला बरोब्बर माहीत होतं सिमेंट कुठे आहे. म्हटलं, फुटलं तर फुटलं. तर सगळी सोसायटी गॅलरीत उभी. लाईट गेलेले, करणार काय, सगळे मोबाईलवर शूटिंग करतायत. वरून कोणीतरी ओरडला, ‘प्रमुखसाहेब, शुं करो छो?’

– मग?

– मी म्हटलं, मगर आहे का बघतोय.

– आणि?

– टाळ्या वाजवल्या लोकांनी.

– बाबा...

– मी थोडा वेळ पाण्यात पहार खुपसत फिरलो. इकडे, तिकडे. जिथे नव्हतं तिथे. मग वर आलो. लोक म्हणाले, वाह. तुझी आई टॉवेल घेऊन उभी होती. तिने वाह म्हटलं नाही.

– फुटलं असतं का ते?

– त्या वेळी? पाण्याखाली, घट्ट झालेलं? नसतं फुटलं बहुतेक. मी चांगलं करून घेतलं होतं काम. पण एक घाव तरी घालायचा होता ने. एकसुद्धा नाही घातला.

– हे सांगाल?

– कोणाला?

– याला. फोनला.

– उद्या त्या टेबलावर सगळे ऐकतील.

– ऐकतील.

– आणि मग सोसायटीत येईल. आणि मागच्या ओळीत.

– येईल.

– तू नाव माझंच घे. फोनवर काय बोलणं झालं ते नको. तुला उद्या तिथे बसायचंय. तुझं नाव यात आलं तर तुला उठवतील, मग या तळ्याचं बोलणार कोण?

– मला तेच वाटत होतं सकाळपासून. म्हणून मी तुम्हाला इथे बसवलंय. मला तळं वाचवायचंय असं मी स्वतःला सांगत होते.

– मग ठीक आहे ने. दोघांचं एकच म्हणणं आहे. घे.

अवंती : कांस आणि गरनाळं याबद्दल तुम्ही मघाशी म्हणालात, आपोआप बुजलं. त्यात काही दुरुस्ती करायची आहे?

मानसिंगराव : आहे.

अवंती : सांगा.

मानसिंगराव : गरनाळं जे आहे, ते...

विश्वंभर : अरे वा. मानसिंगराव मुलाखत देतायत? आणि इकडे मी डबा घेऊन तुमच्या घरी बेल वाजवतोय.

मानसिंगराव : विश्वंभर. तुम्ही कशाला आलात? मी येणारच होतो डबा न्यायला.

विश्वंभर : रोज तुम्हीच आणायचा आणि तुम्हीच न्यायचा? घासून आणलाय. वहिनींना सांगा, कालची आमटी हिने दोनदा घेतली. बोलली नाही काही, पण वाटी पुढे केली. आमच्यात आता त्यालाच बोलणं म्हणतात.

अवंती : काका, बसा. मावशी बऱ्या आहेत?

विश्वंभर : विजयमाला? आहे. वॉकर घेऊन खिडकीपर्यंत येते. आभाळ आलं की मात्र पलंगावर पाय वर घेऊन बसते. डिसेंबरात एकदा ढग आले, तर बसली. मी म्हटलं, अगं थंडीचे ढग आहेत, हे नुसते येतात आणि जातात. नाही. पाय वर. तुमचं चालू द्या. तळ्याचं आहे ना? माझं घेता का? मीही जुनाच आहे.

अवंती : काका, आत्ता...

विश्वंभर : मी काही शास्त्राचं नाही सांगणार. मला आपलं आवाजाचं कळतं. घडियाळी पोळीच्या गल्लीत माझं वाद्यांचं दुकान होतं तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी तंबोरे इकडे घरी आणायचो जुळवायला. पावसात इथे बेडूक असे बसायचे ना, तंबोरा कुठला आणि बेडूक कुठले, कळायचं नाही. बेसूर होते, पण हजर असायचे. गेल्या वर्षी एकही नाही. पुरात माझे तंबोऱ्याचे भोपळे तरंगत होते घरभर, नवे, वाळवून ठेवलेले, एकमेकांवर आपटत होते, तेवढाच आवाज. मी पलंगावर उभा. मला हसू आलं, खरं सांगतो. म्हटलं, विश्वंभरा, वाद्यं पोहतायत आणि तुला पोहता येत नाही.

मानसिंगराव : विश्वंभर.

विश्वंभर : तुम्ही ऐका हो, हे रेकॉर्डवर आलं पाहिजे. अवंती, लिहून घे. त्या पुरात अख्खी सोसायटी गॅलरीत होती, आणि हा एक माणूस पहार घेऊन पाण्यात उतरला, मगर कोणाच्या घरात शिरू नये म्हणून. मला पाटलांच्या मुलाने व्हिडिओ दाखवला नंतर. मी विजयमालालाही दाखवला. या वयात कोण उतरतं? आणि मग आम्हाला वर नेलं, तुमच्या घरात ठेवलं, ती पडल्यावर हॉस्पिटल, आणि तेव्हापासून डबा. मी हिला म्हणतो, आपण काय पुण्य केलं असेल.

मानसिंगराव : मगर नव्हती.

विश्वंभर : नसेल. पण असती तर?

मानसिंगराव : मी मगर बघायला गेलो नव्हतो.

विश्वंभर : मग?

मानसिंगराव : गरनाळं फोडायला गेलो होतो. पार्किंगच्या खालचं. ज्यातून तुमच्याकडचं पाणी इकडे तळ्यात यायचं.

विश्वंभर : फोडायला का? ते तर उघडंच असतं.

मानसिंगराव : नव्हतं. सिमेंट घालून बंद केलेलं होतं. मोठा पाऊस लागायच्या आधी.

विश्वंभर : कोणी केलं?

मानसिंगराव : मी.

विश्वंभर : तुम्ही.

मानसिंगराव : मगर आली होती म्हणून. मीटिंग घेतली नाही. कोणाला विचारलं नाही. त्यामुळे कांस मागे भरली आणि तुमच्याकडे उलटी आली. नदी आली नव्हती. लोक नदी म्हणत होते, मी म्हणू दिलं. आणि त्या दुपारी फोडायला गेलो तर सगळे बघत होते. मला सांगता येईना. मगर म्हणालो.

विश्वंभर : थांबा. म्हणजे ते पाणी...

मानसिंगराव : आमच्याकडून अडलेलं.

विश्वंभर : मला नीट कळू द्या. ते उघडं असतं तर आमच्याकडे आलंच नसतं?

मानसिंगराव : अवंतीला विचारा.

अवंती : अंगणात आलं असतं, काका. घरात नसतं आलं.

विश्वंभर : घरात नसतं आलं.

अवंती : नाही.

विश्वंभर : विजयमाला पडली ती पाणी ओसरल्यावर. फरशीवर गाळ होता, बुळबुळीत. मी पुढच्या खोलीत भोपळे पुसत बसलो होतो. पडल्याचा आवाज आला आणि मी पहिलं वाक्य काय बोललो माहीत आहे? ‘बघून चालायला काय झालं होतं?’

मानसिंगराव : ते तुम्ही घाबरून बोललात.

विश्वंभर : तेव्हा घाबरून. पण नंतरही बोलतो. आजही सकाळी बोललो. तिला उठायला वेळ लागतो, मी म्हणतो, बघून चालली असतीस तर ही वेळ आली नसती. गंमतीने म्हणतो. ती गंमत समजत नाही, असंही वर म्हणतो.

अवंती : काका...

विश्वंभर : नाही, मी तुम्हाला काही बोलत नाहीये. मी माझं बघतोय. मानसिंगराव, कोणाला विचारलं नाहीत म्हणालात. निदान हिला तरी विचारायचं होतंत. घरात एवढी शिकलेली मुलगी, यातलंच काम करणारी. हिने कधी बंद करू दिलं असतं का तुम्हाला?

मानसिंगराव : ती तेव्हा इथे नव्हती. कामावर होती.

विश्वंभर : तेच म्हणतो. ती असती तर हे झालं नसतं.

अवंती : ...

विश्वंभर : चला. ती एकटी आहे.

मानसिंगराव : विश्वंभर, डबा ठेवा इथे. संध्याकाळी मी...

विश्वंभर : हो, हा घ्या डबा. संध्याकाळी नको. उद्यापासूनही नको.

मानसिंगराव : रागावणं बरोबर आहे तुमचं.

विश्वंभर : राग अजून आलेला नाही. येईल बहुतेक रात्री. डब्याचं त्यासाठी नाही. आता ती वाटी पुढे करणार, आणि मला माहीत असणार तो डबा कशाचा आहे. तिला सांगितल्याशिवाय मला वाढता येणार नाही. आणि सांगायचं म्हटलं तर आधी सकाळचं काढावं लागेल, मग ते, बघून चालायला काय झालं होतं. वहिनींना सांगा, आमटी खरंच चांगली होती.

अवंती : काका, हे सगळं रेकॉर्ड झालंय. तुम्ही म्हणाल तर तुमचं काढून टाकते.

विश्वंभर : चालू होतं होय? राहू दे. बेडकांचं तेवढं नीट आलंय का बघ. गरनाळं उघडणार असलात तर उन्हाळ्याच्या आत उघडा. तिला खिडकीतून दाखवेन, फोडतायत ते.

मानसिंगराव : येतो मी दारापर्यंत.

विश्वंभर : नको. आज नको.

मानसिंगराव : गेले.

अवंती : हो.

मानसिंगराव : मागे वळून बघितलं नाही. नेहमी गेटपाशी हात करतात.

अवंती : बाबा, तुम्ही खोटं बोललात.

मानसिंगराव : कुठे? सगळं तर सांगितलं. आयुष्यात एवढं खरं एका दमात बोललो नव्हतो.

अवंती : ‘कोणाला विचारलं नाही.’

मानसिंगराव : ते ठरलं होतं आपलं.

अवंती : मी गप्प बसले. ते म्हणाले, हिने करू दिलं नसतं. आणि मी गप्प बसले. माझ्याकडे बघत म्हणाले.

मानसिंगराव : बरं केलंस. तुझं काम झालं. जुना रहिवासी, नाव, सगळं आलं. कांस होती, गरनाळं होतं, कोणी बुजवलं, कधी बुजवलं. आता उद्या जा आणि तळं वाचव. बंद कर तो फोन.

अवंती : माझं नाव आलं तर काय होईल? राजणीच्या कामावरून काढतील. दुसऱ्या कोणालातरी पाठवतील. हे रेकॉर्ड त्याच्या हातात जाईल, तुमचं आणि काकांचं. तळ्याला तेवढं पुरतं. मी लागत नाही त्याला.

मानसिंगराव : आणि नोकरी?

अवंती : बघू.

मानसिंगराव : ‘बघू’ म्हणू नको. मागच्या वेळी ‘बघू’ म्हणालीस.

अवंती : हा घ्या फोन. असा धरा. अंगठा काचेवर नको.

मानसिंगराव : मला नाही येत हे.

अवंती : येतं. सकाळपासून तीनदा ऐकलेत प्रश्न. मी तिथे बसते, दगडावर. तुम्ही इकडे या. ऊन डोळ्यांत येतं इथे खरंच.

मानसिंगराव : घरी जाऊन करू. आईसमोर.

अवंती : इथेच. विचारा.

मानसिंगराव : नाव सांगा.

अवंती : अवंती मानसिंगराव मोहिते.

मानसिंगराव : राहणार?

अवंती : आम्रविहार सोसायटी, वासणा, बडोदे.

मानसिंगराव : काय करता?

अवंती : शहरातल्या तलावांची तब्येत तपासते. कोणाचं पाणी कुठे अडलंय ते शोधते.

मानसिंगराव : या तळ्याशी तुमचा संबंध काय, बेटा?

अवंती : ‘बेटा’ नाही म्हणायचं.

मानसिंगराव : संबंध काय?

अवंती : लहानपणी इथली बेडकाची पिल्लं बरणीत घालून न्यायचे.

मानसिंगराव : पावसाचं पाणी तळ्यात कुठून येतं?

अवंती : यायचं. आमच्या पार्किंगखालून. मी फोनवर सांगितलं, बंद करून टाका.

मानसिंगराव : वाऱ्यात ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा.